प्लायवूडचा लॅपटॉप

"ह्यातलं कामाला कुठलं बरं पडेल, जरा सांगता का?" तिने विचारलं.

"मी तुम्हाला तेच विचारणार होतो," तो म्हणाला.

तिला वाटलं, विक्रीची ही काहीतरी नवी पद्धत असावी. गिऱ्हाइकालाच बोलतं करायचं, म्हणजे ते बोलता बोलता घेऊन टाकतं. दुकानात सुट्टीच्या दिवसाची गर्दी होती. लांबलचक टेबलावर एकीकडे झाकणं उघडून बसलेले लॅपटॉप, दुसरीकडे जाड वायरीने बांधून ठेवलेले टॅबलेट, मधोमध ती, आणि तिच्यासमोर हा. उंच, उन्हाने रापलेला, छातीवर बिल्ला, कमरेला वॉकीटॉकी. दुकानातला माणूस नाही तर कोण असणार? आता त्याच्या बुटांना चिखल होता हे खरं, पण गोंधळलेलं माणूस समोरच्याच्या बुटांकडे कुठे बघतं!

"बरं," तिने सुरुवात केली, "हा टॅबलेट हलका आहे."

"हलका आहे." त्याने उचलून पाहिला. वायर ताणली गेली तसा पटकन खाली ठेवला.

"पण ह्यावर दिवसभर टाइप करायचं म्हणजे—"

"बोटं बधिर होतील."

"मग लॅपटॉप घ्यावा?"

"घ्यावा का?"

"अहो, तुम्ही सांगा ना!"

"मी काय सांगू?" तो अगदी काकुळतीला आला. "मॅडम, तुम्ही विकायला उभ्या आहात की गिऱ्हाइकाची परीक्षा घ्यायला?"

"विकायला? मी?"

त्याने तिच्या गळ्यातल्या निळ्या फितीकडे आणि निळ्या शर्टाकडे बोट दाखवलं. तिने खाली पाहिलं, मग दुकानभर फिरणाऱ्या निळ्या शर्टांच्या मुलामुलींकडे पाहिलं, आणि तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"हे आमच्या कारखान्याचं ओळखपत्र आहे. मी स्वयंपाकघरं आखून देते लोकांना. ओटा कुठे, कपाटं कुठे... पण मग तुमचा हा बिल्ला?"

"झाडांचा." मग स्वतःलाच ते पुरेसं वाटलं नाही म्हणून तो म्हणाला, "म्हणजे मी झाडं तपासतो. झाडांचा डॉक्टर म्हणा."

हसावं की पळावं हे तिला ठरवता येईना, आणि तेवढ्यात खरीखुरी निळ्या शर्टातली मुलगी हसतमुखाने पुढे आली. "काही मदत करू का? तुम्ही दोघं मिळून एकच घेताय?"

"नाही!" दोघं एकदम ओरडले. टेबलाच्या पलीकडचे लोक वळून बघायला लागले.

मग दुकानाच्या दारापाशी कॉफीचं मशीन होतं तिथे ती दोघं कागदी पेले धरून उभी राहिली. एवढी शोभा झाल्यावर निदान कॉफी तरी प्यावी, असं तोच म्हणाला होता. ती लगेच हो म्हणाली, आणि हो म्हटल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

कारण ही मुलगी कशालाच लगेच हो म्हणणाऱ्यांतली नव्हती. नाहीही म्हणणाऱ्यांतली नव्हती. तिला लहानाचं मोठं केलं ते आत्याने, आणि आत्या तिला लाडाने नव्हे, वैतागून 'तळ्यात-मळ्यात' म्हणायची. जेवायला कुठल्या खुर्चीवर बसावं ह्याचाही ही बाई विचार करी. हसण्यावारी नेण्यासारखंच सगळं, पण एक गोष्ट तशी नव्हती. शिकत असताना वर्गातल्या एका चांगल्या मुलाने तिला सरळ विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, "विचार करून सांगते." तो थांबला. बराच थांबला. शेवटी त्याच्या लग्नाचं निमंत्रण आलं तेव्हाही हिचा विचार चालूच होता. तेव्हापासून 'तू ठरव' हे दोन शब्द ऐकले की ती विषय बदलायची.

आणि आता कारखान्याच्या काकांनी नेमके तेच शब्द वापरले होते. काका म्हणजे मालक. नात्याने कोणाचेच काका नव्हते, पण सुतारांपासून हिशेबनिसापर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर एक दिवस खोकल्यासारखा आवाज करून कायमचा गप्प झाला. काका म्हणाले, "टॅबलेट घे नाहीतर लॅपटॉप घे. एकच मिळेल. काम तुला करायचंय, तू ठरव." नवी इमारत उभी राहत होती, तिथल्या सगळ्या घरांचे ओटे आणि कपाटं ह्या कारखान्याला मिळायची होती. त्याआधी मशीन हवं होतं. गिऱ्हाइकाच्या घरी उभ्या उभ्या चित्र काढून दाखवायला टॅबलेट बरा, आणि नकाशे नीट आखायला लॅपटॉप. तिच्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता.

"तुमचं काय?" तिने विचारलं.

"माझं? मी झाडाखाली उभा असतो. एक हात खोडावर, एका हातात कागद. पावसात कागदाचा लगदा होतो. ऑफिस म्हणतं, कागद बंद, काय हवं ते सांग. पण माझे अहवाल लांबलचक. ते लिहायचे म्हणजे..." तो बोलत राहिला.

तिचं लक्ष मात्र 'एक हात खोडावर' इथेच थांबलं होतं. टॅबलेट! ह्याला टॅबलेटच हवा. इतकं लख्ख, इतकं सोपं. तिच्या मनात दिवा लागावा तसं झालं. ती सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात तिला दिसलं की त्याचा पेला रिकामा झालाय. आपण सांगितलं की हा 'आभारी आहे' म्हणेल, पेला टाकेल आणि जाईल.

"अवघड आहे हो तुमचं," ती म्हणाली.

"आहे ना? दुसऱ्याचं कसं पटकन कळतं, नाही? आपलंच कळत नाही."

"मग माझं तुम्ही ठरवा," ती म्हणून गेली, "आणि तुमचं मी."

"काम बघितल्याशिवाय कसं ठरवणार?"

"मग बघा की काम."

हे आपण बोललो? तिने पेल्यात बघितलं. कॉफी तर साधीच होती.

तो आला तो एका नव्या घराची मापं घ्यायच्या दिवशी. घरातलं जोडपं नुकतंच राहायला आलं होतं आणि एकमेकांशी बोलत नव्हतं. खिडकीखाली शेगडी की सिंक, ह्यावरून बिनसलं होतं. तिने दोघांना दोन उपड्या खोक्यांवर बसवलं आणि विचारलं, "भांडी कोण घासतं?"

नवऱ्याने हळूच हात वर केला.

"मग खिडकी त्यांची. सिंक इथे, शेगडी त्या भिंतीला. घासता घासता निदान बाहेर तरी बघता येईल त्यांना."

बायको आधी नवऱ्याकडे बघून फुरंगटली, मग हसली, आणि प्रश्न मिटला. दारात उभा असलेला झाडांचा डॉक्टर तिच्याकडे बघतच राहिला.

"तुम्ही तर एका मिनिटात निकाल लावलात!" तो कुजबुजला.

"ते दुसऱ्यांचं घर आहे. तिथे मी वाघीण असते. टेपचं टोक धरा."

त्याने टोक धरलं. ती भिंतीच्या ह्या कोपऱ्यात, तो त्या कोपऱ्यात. तिने टेपवरचं माप बोटाने दाखवायचं, त्याने जवळ येऊन ते वाचायचं आणि लिहून घ्यायचं. तो वाकला की त्याच्या केसांना ओल्या सालीसारखा वास यायचा. एकदा त्याच्या हातून टोक सुटलं. टेप सळसळत परत आली आणि तिच्या बोटावर सप्पकन बसली.

"लागलं का? बघू... बघू." त्याने तिचं बोट धरून उजेडाकडे वळवलं. काही लागलं नव्हतं. हे दोघांनाही दिसत होतं. तरी बोट बराच वेळ तपासलं गेलं.

"कीड आहे का?" तिने विचारलं.

"नाही. पालवी चांगली आहे," तो म्हणाला, आणि म्हटल्यावर स्वतःच लाजून खिडकीची उंची मोजायला निघून गेला.

"माझं काय ठरलं मग?" जिना उतरताना तिने विचारलं.

"अजून नक्की सांगता येत नाही," तो म्हणाला. "तुम्ही माझं काम बघा, मग बोलू."

दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या उसन्या मशीनवर तिने त्या स्वयंपाकघराचा नकाशा काढला. पडद्यावर सगळं छान दिसलं. तिने तो काकांकडे पाठवला आणि थोड्याच वेळात आतल्या खोलीतून काकांचं हसणं ऐकू आलं.

"अगं, हे स्वयंपाकघर आहे की काड्यापेटी?"

तिने पाहिलं आणि कपाळाला हात लावला. सुतारकामात सगळी मापं मिलिमीटरमध्ये. झाडांचा घेर मोजणारी माणसं लिहितात सेंटिमीटरमध्ये. त्याने सवयीने तसं लिहिलं होतं आणि हिने डोळे मिटून तसंच चढवलं होतं. पडद्यावर कळलं नाही, कारण सगळीच खोली एकजात दहापट लहान झाली होती. एवढ्या वर्षांत तिच्या हातून अशी चूक कधी झाली नव्हती.

"मापं कोणी घेतली?" काका.

"मीच. म्हणजे... लिहून दुसऱ्याने घेतली."

"आणि तुझं लक्ष कुठे होतं?"

ह्या प्रश्नाला उत्तर होतं, पण ते काकांना देण्यासारखं नव्हतं. स्वतःला देण्यासारखं तरी होतं का, हेही तिला ठरवता येईना. आपल्याला तो आवडतोय का? की त्याला आपण आवडतोय हे आवडतंय? की त्याला आपण आवडतोय असं नुसतं वाटतंय? एकेक प्रश्न सोडवायला घ्यावा तर त्यातून पुढचा निघत होता.

अशा वेळी हातांना काम द्यावं. कारखान्यात मोठं कपाट करायच्या आधी साध्या प्लायवूडचा नमुना करून गिऱ्हाइकाच्या घरात उभा करून बघतात. तिने तोच मार्ग धरला. प्लायवूडचा एक टॅबलेट केला आणि एक लॅपटॉप. लॅपटॉपला बिजागऱ्या लावल्या, आत लोखंडी पट्ट्या ठोकून दोन्हींचं वजन अस्सलाशी जुळवलं, कडा घासल्या. काका मागे येऊन उभे राहिले.

"हे कोणाला?"

"गिऱ्हाईक आहे."

"गिऱ्हाइकासाठी तू कडा इतक्या घासत नाहीस," काका म्हणाले आणि शीळ वाजवत निघून गेले.

झाड रस्त्याच्या कडेला होतं, मोठं, जुनं. आभाळ भरून आलेलं. तो लाकडी हातोडीने खोडावर हलके हलके ठोकत होता आणि कान लावून ऐकत होता.

"आत पोकळ असलं की आवाज बदलतो. या, ऐका."

तिने गाल सालीला टेकवला. तो दुसऱ्या बाजूने ठोकत होता. साल खरखरीत होती आणि गार होती.

"काय ऐकू आलं?"

"तुमचा वॉकीटॉकी," ती म्हणाली. खरं तर स्वतःच्या छातीतली धडधड सोडून तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मग तिने पिशवीतून प्लायवूडची मशीनं काढली. तो आधी चकित झाला, मग इतका हसला की त्याला खोडाचा आधार घ्यावा लागला. पण हसून झाल्यावर त्याने ती हातात घेऊन, कडांवरून अंगठा फिरवून पाहिली, आणि त्याचा चेहरा मऊ झाला.

"हे तुम्ही माझ्यासाठी केलंत?"

"नमुना आहे. नमुना सगळ्यांनाच करतो आम्ही. चला, लॅपटॉप उघडून एका हातावर धरा. आता खोड तपासा."

एका हातावर उघडा लॅपटॉप, दुसऱ्या हातात हातोडी, अशी त्याने झाडाभोवती प्रदक्षिणा सुरू केली. अर्ध्यावर झाकण त्याच्या नाकावर आपटलं. रस्त्यावरून जाणारे एक आजोबा थांबले. बराच वेळ बघून म्हणाले, "काय हो, लाकूड परत झाडाला लावताय का?"

तिला हसू आवरेना. तेवढ्यात पाऊस आला. बारीक, तिरका, सगळीकडून येणारा. दोघं खोडाला पाठ लावून उभी राहिली. तिने डोक्यावर लॅपटॉप धरला, त्याने टॅबलेट. लॅपटॉपखाली जागा जास्त होती, म्हणून तो थोडा इकडे सरकला. कोपराला कोपर लागलं. मग कोणीच सरकलं नाही.

"तुम्ही ठरवायला इतक्या घाबरता का?" त्याने मध्येच विचारलं.

आणि तिने सांगितलं. वर्गातला मुलगा, 'विचार करून सांगते', लग्नाचं निमंत्रण... सगळं. हे तिने आत्यालाही धड सांगितलेलं नव्हतं.

"वाईट वाटलं?"

"तो गेला ह्याचं नाही. मला तो हवा होता की नव्हता, हे मला आजही माहीत नाही, ह्याचं वाटलं."

पावसाचा एक मोठा थेंब प्लायवूडवरून घसरून तिच्या कपाळावर पडला. त्याने हात उचलला... आणि तो स्वतःच्याच केसांतून फिरवला.

"मग? माझं काय ठरलं?" त्याने विचारलं.

टॅबलेट, टॅबलेट, टॅबलेट! तिचं मन ओरडत होतं. "अजून नीट कळत नाही," ती म्हणाली. "आणखी एखादं झाड बघावं लागेल."

"हो," तो लगेच म्हणाला. "मलाही तुमचं आणखी एखादं स्वयंपाकघर बघावं लागेल."

झालं. मग आणखी एक झाड झालं, आणखी एक स्वयंपाकघर झालं, पुन्हा झाड. भिजत घोंगडं पडलं ते पडलंच. एवढं फिरून ह्याला साधी गोष्ट का कळत नाही, म्हणून तिला कधी त्याची कीव यायची. कधी वाटायचं, कळलं असावं. पण मग हा बोलत का नाही? बहुतेक खरोखरच गोंधळलेला असेल बिचारा. आपण खरं सांगितलं तर मशीन घेईल आणि सुटेल. आणि दुसरं खरं सांगितलं, आणि तो म्हणाला, अहो, मी तर फक्त मशीनसाठी येत होतो... तर?

"ठरलं का?" आत्याने एका सकाळी विचारलं.

"नाही गं. टॅबलेटला कीबोर्ड लावता येतो म्हणे वेगळा, पण मग तो लॅपटॉपच झाला ना?"

"मी त्याबद्दल विचारतच नव्हते."

आत्याने चष्मा काढून पुसला. "हे बघ, तुला यंत्र कुठलं हवंय त्यात मला काही कळत नाही. पण तू हल्ली झाडं बघून आलीस की दोनदा दार लावतेस आणि एकदाही कुलूप लावत नाहीस. असा घोळ तू त्या वर्गातल्या मुलाच्या वेळी घातला नव्हतास. तेव्हा नुसती बसून राहायचीस."

"म्हणजे काय, आत्या?"

"म्हणजे काय ते मी सांगायचं? मी सांगितलं तर पुन्हा ते माझं ठरवणं झालं."

त्याच दिवशी काकांनी निर्वाणीचं सांगितलं. इमारतीची माणसं भेटायला येणार होती. "आज संध्याकाळपर्यंत मला एक नाव सांग. नाहीतर मी जाऊन हाताला लागेल ते उचलून आणेन. मला दोन्ही सारखीच दिसतात."

ती दुकानात गेली. ते टेबल, त्या वायरी, सगळं जागच्या जागी. निळ्या शर्टातली मुलगी तिला बघून ओळखीचं हसली. "आज एकट्याच? सरांचा टॅबलेट कसा चाललाय?"

"कुठल्या सरांचा?"

"ते हो, बिल्लावाले. तुम्ही कॉफी प्यायलात ना त्या दिवशी, त्याच संध्याकाळी परत येऊन टॅबलेट घेऊन गेले की. पाण्याने खराब होऊ नये म्हणून वरचं रबरी कव्हरसुद्धा घेतलं. तुम्हाला माहीत नाही?"

ती तशीच बाहेर आली. आधी तिला काही समजलंच नाही. मग समजलं, आणि अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे पिशवीत खरा टॅबलेट ठेवून हा माणूस भर रस्त्यात प्लायवूड घेऊन झाडाभोवती फिरत होता! आपण बिजागऱ्या लावत बसलो. आपण कडा घासत बसलो. हसत असेल मनातल्या मनात... मग पुढच्या वळणावर तिला वाटलं, पण का? ज्याचं ठरलं होतं तो रोज का येत होता? आणि ह्या विचारासरशी राग आणि आनंद असे काही एकमेकांत गुंतले की कुठला धागा ओढावा तेच कळेना. पाय मात्र चालत होते. आज तो वाचनालयाच्या अंगणातल्या झाडावर आहे, हे पायांना माहीत होतं.

तो खूप वर होता. दोराला बांधलेला, डोक्यावर शिरस्त्राण, एका वाळक्या फांदीपाशी. खाली त्याचा सोबती दोर सांभाळत उभा होता.

"खाली या!" तिने ओरडून सांगितलं.

"काय झालं?"

"आधी खाली या!"

"तुमचा चेहरा बघून भीती वाटतेय. तिथूनच सांगा!"

"टॅबलेट कसा चाललाय?"

एक काटकी टपकन खाली पडली. दोरवाल्याने तिच्याकडे पाहिलं, वर पाहिलं, आणि सभ्यपणे कुंपणाकडे बघायला सुरुवात केली.

"चांगला चाललाय," वरून पडलेला आवाज आला.

"मग ते प्लायवूड कशाला मिरवलंत? माझी गंमत बघायला?"

"नाही! गंमत नाही. ऐका... कॉफी पिताना मी म्हणालो, एक हात खोडावर असतो, तेव्हा तुमचा चेहरा असा उजळला की मला कळलं, तुमचं ठरलं. आणि काय ठरलं तेही कळलं. तुम्ही माझ्या मोकळ्या हाताकडे बघत होतात. तुमचं ऐकूनच घेतला मी टॅबलेट."

"मी काही बोललेच नव्हते!"

"तेच तर! बोलला नाहीत. अवघड आहे म्हणालात. मग मला वाटलं, ज्या बाईला उत्तर माहीत आहे ती सांगत का नाही? आणि त्याने मला धीर आला. म्हटलं, आपणही सांगायचं नाही."

तिची चोरी पकडली गेली होती, तीही झाडावरून, सगळ्या वाचनालयाला ऐकू जाईल अशा आवाजात. तिचा राग जागच्या जागी विरला.

"आणि माझं?" तिने विचारलं. "माझं काय ठरलं होतं?"

"लॅपटॉप! तुम्ही लोकांना बसवता, मग बोलता. टॅबलेट त्यांच्या हातात दिलात तर ते जोडपं त्याच्यावर बोटं फिरवून पुन्हा भांडलं असतं. तुम्ही समोर बसून आखायचं आणि पडदा त्यांच्याकडे वळवायचा. पहिल्याच दिवशी ठरलं होतं माझं."

इतकं सोपं होतं तर. तिने मान वर केली. पानांमधून त्याचा चेहरा अर्धाच दिसत होता.

"आता मशीनचं संपलं," तो म्हणाला. आवाज खाली आला होता, पण तिला प्रत्येक शब्द ऐकू आला. "म्हणून राहिलेलं सांगतो. मला तुम्ही आवडता. दुकानात माझ्यावर ओरडलात तेव्हापासून. उत्तर आत्ताच नको. मी सावकाश उतरतो, तोवर विचार करा. खाली आलो तरी नसेल ठरलं तरी चालेल. मी काही निमंत्रणबिमंत्रण पाठवणार नाही. थांबेन."

'विचार करून सांगते.' शब्द सवयीने तिच्या ओठांवर आले. आणि तिथेच अडले, कारण विचार करायला आत काही सापडेना. ती शोधत राहिली, शंका, पण, परंतु, काहीही. एवढा मोकळा भाग तिच्या डोक्यात आहे हे तिला आजवर माहीत नव्हतं. दोर इंच इंच सरकत होता. तो अजून पहिल्या फांदीच्याही वरच होता.

"अहो, लवकर सोडा ना दोर!" ती दोरवाल्याला म्हणाली.

"ताई, तसा नियम नाही. सावकाशच सोडावा लागतो."

"पण मला त्यांना सांगायचंय!"

"मग सांगा की. मी काही ऐकत नाही," दोरवाला म्हणाला आणि आणखी लक्ष देऊन कुंपणाकडे बघू लागला.

"मला तू आवडतोस!" ती ओरडली. वाचनालयाच्या दोन खिडक्या उघडल्या. "ऐकतोयस ना? विचार करून नाही सांगत आहे! आत्ता, असंच सांगतेय!"

तो अधांतरी लोंबकळत होता आणि काहीतरी बोलत होता, पण हसण्यापुढे त्याचं बोलणं कळत नव्हतं. दोन्ही हात दोराला गुंतलेले, त्यामुळे त्याला डोळेही पुसता येईनात. तिने टाचा उंचावून हात वर केला. त्याचे चिखलाचे बूट अजून हाताच्या बरेच वर होते.

तिचा फोन वाजला. काका होते.

"काय गं, काही ठरलं का?"

"लॅपटॉप, काका."

"बरं आहे ना तुला? नक्की?"

"नक्की," ती म्हणाली. "आता ठेवा ना फोन, काका... तो खाली पोचतोय."